रेणुकाचं केळवण

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं आई मराठवाड्यातल्या गावांमधून बायकांच्या संघटनेचं काम करत होती. सिंगापूरला येताना तिने भांड्यांच्या खोक्यात, परात आणि कुकरच्या मधल्या जागेत, जुन्या पत्रकांचे गठ्ठे कोंबून आणले. पिवळी, गुलाबी, हाताला शाई लागणारी. सेम्बावांगच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ती कपाटांच्या तळाशी अंथरलेली असायची. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवायचे आणि गणित सुटलं नाही की कागद उलटून पुढची बाजू वाचायचे. माझं मराठी तिथेच तयार झालं. ज्या वयात मुलं चिऊ-काऊ वाचतात त्या वयात मला 'संमती', 'हुंडा' आणि 'जाहीर निषेध' हे शब्द ऱ्हस्व-दीर्घासकट येत होते. शाळेत मी कशावरून तरी वाद घातला की माझी मैत्रीण म्हणायची, "यू व्हेरी फिअर्स, लाह." मला ते आवडायचं. आपण कुणाला भीत नाही, अशी माझी माझ्याबद्दलची पक्की समजूत होती.

ती समजूत एका सप्टेंबरात गेली. त्या वर्षी शेजारच्या देशातली जंगलं जळत होती आणि धूर आमच्यावर येऊन बसला होता. सगळे त्याला हेझ म्हणायचे. समोरचा ब्लॉक सकाळी दिसायचा, दुपारी नाहीसा व्हायचा. सूर्य तांबडा आणि लहान, त्याच्याकडे सरळ बघता यायचं. घरोघर खिडक्या बंद, पंखे चालू, आणि बाबा दर तासाला फोनवर हवेचा आकडा बघून तो मोठ्याने सांगायचे, जसा पूर्वी कुणी क्रिकेटचा स्कोअर सांगत असेल. फोडणीचा वास घरातच राहायचा, त्यामुळे आईने मिरच्या तळणं बंद केलं होतं. आजही कुठे ओला पाला जळल्याचा वास आला की माझे तळहात घामेजतात. डॉक्टरांना ते सांगून उपयोग नाही.

त्याच दिवसांत वैदेहीमावशी बाळंत झाली. ती शिरीषकाकांची बायको, आणि शिरीषकाका म्हणजे बाबांचे साहेब. ते लोक मरीन परेडला एका कॉन्डोत राहायचे. बाळंतपणासाठी वैदेहीमावशीची आई तालुक्याच्या गावाहून आली होती. तिला सगळे माई म्हणत. माईंचे गुडघे गेलेले, एकटीने विमानप्रवास जमण्यासारखा नव्हता, म्हणून सोबतीला त्यांनी गावाकडची एक मुलगी आणली होती. रेणुका तिचं नाव. तिचे आईवडील माईंच्या शेतावर पावसाळाभर राबायचे आणि दिवाळीनंतर ऊस तोडायला कारखान्यावर जायचे. शाळेला सुट्टी होती, मी घरात बसून धुराला शिव्या देत होते, म्हणून आई मला मदतीला मरीन परेडला घेऊन गेली. आई डिंकाचे लाडू वळायची, आणि मी रेणुकाबरोबर बाळाची दुपटी वाळत घालायचे. बाहेर धूर, म्हणून एका बिनवापराच्या खोलीत दोऱ्या बांधल्या होत्या.

रेणुका उंच होती, साडी नेसायची, भरभर काम करायची आणि खाली बघून बोलायची. तिच्याकडे बघून कुणीही तिला वीस-बावीसची म्हटलं असतं. पहिल्याच दिवशी माई आईला म्हणाल्या, "आमच्या रेणुकाचं ठरलंय बरं का. इथून गेलं की तुळशीच्या लग्नानंतर बार उडवून टाकायचाय." आईच्या हातात लाडू होता, समोर साहेबांच्या सासूबाई होत्या. तिच्या तोंडून निघून गेलं, "अरे वा. मग केळवणाला यायचं आमच्याकडे." मराठी बाईच्या तोंडून हे वाक्य विचार न करता निघतं, जसं शिंक आल्यावर हात नाकाकडे जातो. लग्न ठरलेल्या मुलीला जेवायला बोलवायचं, साडी द्यायची, ओटी भरायची. परदेशात तर असं निमित्त कुणी सोडत नाही. दोन दिवसांत इथल्या मराठी मंडळातल्या चार-पाच बायका स्वतःहून आल्या. एकीने श्रीखंडाचं कबूल केलं, एकीने सेरंगूनच्या भारतीय बाजारातून गजरे आणायचं.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी दुपटी वाळत घालताना रेणुका अचानक म्हणाली, "तुला बीजगणित येतं का गं?"

मी म्हटलं, "येतं. का?"

"आमच्या बाईंनी वर्गसमीकरणं सुरू केली आन् मी हिकडं आले. परत गेल्यावर समदं पुढं गेलेलं असंल." मग दुपटं झटकत म्हणाली, "पन गेल्यावर शाळा कुठली."

मी हातातलं दुपटं दोरीवर टाकायचं विसरले. "तू कितवीत आहेस?"

"धाव्वीत. संक्रांतीला पंधरा पुरी झाली."

मी त्या वर्षी सोळाची होते. माझ्यापेक्षा लहान मुलगी माझ्यासमोर साडी नेसून उभी होती आणि पुढच्या रविवारी माझ्या घरी तिचं केळवण होतं. 'मुलीचं लग्न अठराच्या आत, कायद्याने गुन्हा' हे वाक्य मी अक्षरशः शेकडो वेळा वाचलं होतं. ते आमच्या चमच्यांच्या खणात अंथरलेलं होतं. त्या क्षणी ते माझ्या काहीही कामाला आलं नाही. मी विचारलं, "तुला करायचंय का लग्न?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही तरी परदेशी विचारलं असावं. मग दाराकडे बघत हलक्या आवाजात म्हणाली, "माय-आबा उसाला गेले की मी एकटी ऱ्हाते. मागच्या साली रातीला कुनीतरी कडी वाजवायचं. मायला सांगितलं तर ती म्हनली, आता लगीनच करून टाकू. ठरलंय त्या पोराला बी जोडी लागती, नवरा-बायको मिळून तोडनार असले की मुकादम टोळीत कोयता देतो." तिने दुपट्याची घडी मोडली, पुन्हा घातली. "तू कुनाला सांगू नको. माई म्हनल्यात, तोंड उघडलं तर दुसऱ्या दिशी इमानात बसवीन." मग नाक वर करून वास घेतला आणि म्हणाली, "हितं बी पाचट जाळतेत व्हय? आमच्याकडं ऊस गेल्यावर असाच वास येतो."

बसमधून आणि पुढे एमआरटीच्या ट्रेनमधून घरी येताना मी आईच्या शेजारी बसून होते. समोरचे सगळे मास्क लावलेले, फक्त डोळे. सांगितलं तर तिला विमानात बसवणार. नाही सांगितलं तरी महिन्याने बसवणारच, आणि तिथे मांडव तयार. दोन्ही बाजूंनी तेच विमान. सेम्बावांगला उतरल्यावर स्टेशनच्या जिन्यातच मी आईचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं.

आई पायरीवर उभी राहिली. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी जात होते. "पंधरा," ती म्हणाली, "आणि मी लाडू वळत होते."

घरी आल्यावर तिने बाबांना सांगितलं. बाबा चांगले माणूस होते, अजूनही आहेत. चळवळीतच दोघांची ओळख झालेली. त्यांनी आधी फोन टेबलावर पालथा ठेवला, मग उठून मुख्य दार बंद आहे ना ते बघितलं. खिडक्या तर बंदच होत्या. "माझा वर्क पास नोव्हेंबरात संपतोय," ते म्हणाले. "रिन्यूअलला शिरीषचा शब्द लागतो. तुमचे दोघींचे पास माझ्या पासावर. मुक्ताची शाळा त्याच्यावर."

"मला माहीत आहे," आई म्हणाली.

"आणि ती मुलगी व्हिजिट पासवर आलीये आणि घरकाम करतेय. इथे तक्रार केलीस तर शिरीष अडकेल आणि ती पण अडकेल. तिला काय भाषा येते? पोलीस बघून ती मरून जाईल."

"इथे तक्रार करायची असं मी म्हणाले का?"

"मग काय करायचंय?"

"मला माहीत नाही," आई म्हणाली, आणि हे वाक्य मी तिच्या तोंडून त्याआधी ऐकलंच नव्हतं. माझी आई, जिने म्हणे एका सरपंचाला भर ग्रामसभेत खाली बसवलं होतं, ती स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभी होती. त्या संध्याकाळी मला कळलं की मोठी माणसं भितात, आणि तत्त्वं असलेली माणसं जरा जास्तच, कारण त्यांना गप्प बसण्याचीही लाज वाटते. मी म्हणाले, "केळवण रद्द कर ना. आपण असल्या लग्नाचं केळवण करायचं?" माझ्या मते हा बाणेदार उपाय होता. आईने मान हलवली. "रद्द केलं तर ती परत दिसणार नाही. निदान रविवारी ती आपल्या घरात असेल." थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "शैलाचा नंबर तोच आहे का गं?" शैलाताई म्हणजे आईची जुनी सहकारी, अजून त्याच जिल्ह्यात काम करणारी. आईने त्यांच्याकडे बघितलं. मला वाटतं, त्या घरातला निर्णय तेव्हा झाला, पण कुणी तसं म्हटलं नाही. बाबांनी फोन सुलटा केला आणि हवेचा आकडा सांगितला.

रविवारी आईने सगळं साग्रसंगीत केलं. मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुऱ्या. पुरी तेलात सोडताना ती दर वेळी दचकत होती. बाबांनी पाण्याचे ग्लास दोनदा मांडले. रांगोळीला जागा नव्हती म्हणून मी खडूने दाराशी दोन फुलं काढली आणि काढताना रडू आलं म्हणून पुसून टाकली. बायका आल्या, मास्क काढून पर्समध्ये ठेवले, आणि एकदम घरभर अत्तर आणि हसणं पसरलं. वैदेहीमावशी बाळामुळे आली नव्हती. माई काठी टेकत आल्या आणि त्यांच्या मागे रेणुका, हिरवी साडी, केसांत गजरा. ती आत आल्या आल्या माझ्याकडे बघून हसली. मी कुणाला काही सांगितलेलं नाही, अशा भरवशाने हसली.

तिला पाटावर बसवलं, औक्षण केलं. ती ताटातलं काहीच खात नव्हती. कुणी वाढायला आलं की उठून स्वतःच वाढायला बघायची, आणि बायका तिला खांदे धरून खाली बसवायच्या. "अगं आज तू बसायचंस. पुढं आयुष्यभर वाढायचंच आहे." सगळ्या हसल्या. मग अपेक्षेप्रमाणे उखाण्यांचं निघालं. मंडळाच्या एक काकू स्वतःच सुरू झाल्या:

"हेझ आला दाटून, खिडक्या घेतल्या लावून,
विवेकरावांचं नाव घेते श्रीखंड-पुरी खाऊन."

"वा, काकू. विवेकराव कुठायत पण?"

"घरी. मॅगी खातायत."

पुन्हा हसणं. मग सगळ्या रेणुकाकडे वळल्या. "चल, आता नवरीची पाळी. नाव घे." "सवय कर आत्तापासून." "लाजतीये बघा." रेणुकाने पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "घे गं, साधं घे, यमक नाही जुळलं तरी चालेल." ती सगळ्यांच्या तोंडांकडे बघत राहिली, मग माईंकडे झुकली आणि कुजबुजल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माई, त्यांचं नाव काय हाये?"

पहिल्यांदा दोघी-तिघी हसल्या. विनोद आहे असं वाटलं त्यांना. मग माई म्हणाल्या, "अगं ते... घुगे मुकादमाच्या टोळीतलं पोरगं ते," आणि त्यांनाही पुढे आठवेना. पंख्याचा आवाज यायला लागला. ज्या काकूंनी उखाणा घेतला होता त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली आणि रेणुकाकडे नीट पाहिलं, गजरा, साडी वगळून फक्त चेहऱ्याकडे, आणि विचारलं, "किती वर्षांची गं तू?"

"अठरा पूर्ण आहेत," माई म्हणाल्या.

रेणुकाने फक्त माझ्याकडे पाहिलं. आता हसत नव्हती. मला वाटलं आई बोलेल, एखादं पत्रकातलं वाक्य, ज्याने सगळं सुटेल. पण आई म्हणाली, "रेणुका, चल, आत ये. ओटी भरते तुझी," आणि तिला हाताला धरून बेडरूममध्ये घेऊन गेली. मीही गेले. आईने दार लावलं आणि मला खुणेने दाराला टेकून उभं राहायला सांगितलं.

आईने तिला पलंगावर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसली, म्हणजे रेणुकाने खाली बघितलं तरी तिला आईच दिसली असती. "बाळा, मला मुक्ताने सांगितलंय. तिच्यावर रागावू नकोस. मला एकच सांग, तुला काय हवंय?"

रेणुका रडली नाही. "धाव्वी द्यायचीय," ती म्हणाली.

"मग मी आत्ता एका बाईंना फोन लावते. तुझ्याच जिल्ह्यातल्या आहेत. लावू?"

"पोलीस येतील का? आबाला मारतील का?"

"तूच विचार त्यांना."

फोन लागेपर्यंतचा तो वेळ मला आठवतो. पाठीला दार, दारापलीकडे माईंची काठी, टक, टक, जवळ येणारी. शैलाताईंचा आवाज स्पीकरवर घोगरा आला. त्यांना सगळं आधीच माहीत होतं, आईने शनिवारी सांगितलं होतं. "कोण, रेणुका का? ऐक बेटा. आबाला कुणी हात लावणार नाही. मी आधी घरी जाऊन भाकरी खाणार, मग बोलणार. ग्रामसेवकाला बरोबर नेते. असली लग्नं थांबवायचं काम त्याचंच आहे. पत्रिकेत त्याचं नाव छापलेलं असलं तरी त्यालाच नेते. तुझ्या शाळेच्या बाई कोण?" रेणुकाने बाईंचं नाव सांगितलं. गावाचं नाव सांगितलं. प्रत्येक नावागणिक तिचा आवाज थोडा वर येत गेला.

मग दार माझ्या पाठीवर ढकललं गेलं. मी बाजूला झाले, कारण म्हाताऱ्या माणसाला दार लावून धरायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

माई आत आल्या. त्यांनी फोन बघितला, आईला जमिनीवर बसलेलं बघितलं आणि सगळं ओळखलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मुक्ताच्या आई, तुम्ही इथं एसीत बसून बोलता. हिचे आईबाप सहा महिने उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत राहणार. पोर घरात एकटी. उद्या काही झालं म्हणजे? मी लग्न लावतेय ते काय हौस म्हणून? तुम्ही सांभाळणार का तिला?"

मी आईकडे बघितलं. आमच्या एकाही पत्रकात याचं उत्तर नव्हतं. हे आज मी स्वतः पत्रकं लिहिते तेव्हा मला आठवतं, आणि मी एक परिच्छेद खोडून पुन्हा लिहिते. "सांभाळणारं कोणी शोधून दिलं तर," आई म्हणाली, "तर तुम्ही थांबवाल? तुमचा शब्द तिचा बाप मोडणार नाही."

माई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. "आणि नाही मिळालं तर?"

फोनमधून शैलाताई म्हणाल्या, "मिळेल, माई. नमस्कार करते. मी येतेच तुमच्या घरी."

माई रेणुकाला म्हणाल्या, "ऊठ. गाडी आलीय." पण जाताना ओटी भरून घ्यायची राहिली म्हणून आईने नारळ पुढे केला, तेव्हा त्यांनीच रेणुकाला पदर पसरायला सांगितलं. बाहेरच्या बायका ताटं घेऊन तशाच बसून होत्या. बाबा लिफ्टपर्यंत गेले, माईंसाठी दार धरून उभे राहिले. आत आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

त्यानंतरचे आठवडे मला धुरापेक्षाही अंधुक आठवतात. त्याच संध्याकाळी शिरीषकाकांचा फोन आला. बाबा उभे राहून बोलले. "हो, माझ्या घरात झालं. मला माहीत होतं," एवढंच मला ऐकू आलं. मग रोज बाबांच्या घरी येण्याच्या वेळेला आई आणि मी दोघी दाराकडे कान लावून असायचो, की आज चेहरा कसा असेल. रेणुका आणि माई ठरल्याप्रमाणे गेल्या. आम्हाला कुणी कळवलं नाही, मी फक्त आकाशात विमानाचा आवाज आला की वर बघायचे, आणि धुरात काही दिसायचं नाही. शैलाताईंचा फोन कधी लागायचा, कधी नाही. मी रात्री कडी वाजल्याच्या आवाजाने जागी व्हायचे. आमच्या फ्लॅटला कडी नव्हतीच.

मग पाऊस आला, धूर गेला, समोरचा ब्लॉक पुन्हा जागेवर दिसला. त्यानंतर शैलाताईंचा निरोप आला. रेणुकाच्या घरी जाऊन आल्या होत्या, दोनदा. ग्रामसेवक आला होता, चेहरा पाडून. आबा आधी भांडले, मग रडले. माई ओसरीवर बसून होत्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "पोरीला ठेवायची जागा दाखवा, मग बोला." शाळेच्या बाईंनी आपल्या घरातली पुढची खोली दाखवली. शैलाताईंनी निरोपाच्या शेवटी म्हटलं होतं, "सध्या थांबलंय. मोडलं म्हणू नका." त्या 'सध्या'वर आम्ही पुढचे कितीतरी महिने काढले. बाबांचा पास आला, पण एकाच वर्षाचा. मंडळाची आमंत्रणं कमी झाली. मात्र त्या उखाणेवाल्या काकू एकदा आपणहून आल्या, आईजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मला विचारायला हवं होतं पहिल्याच दिवशी. आपण कुणीच विचारत नाही ना?"

रेणुका आता तालुक्याच्या दवाखान्यात नर्स आहे. रविवारी शैलाताईंबरोबर ऊसतोडीच्या वस्त्यांवर जाते, मुली जमवते, त्यांना सायकल शिकवते आणि वर्गसमीकरणंही. मागे एकदा आम्ही फोनवर बोलत होतो. तिच्या मागे कुणीतरी बाळ रडत होतं, ती एकीकडे कुणाला तरी सुईची वेळ सांगत होती. मी बरेच दिवस मनात असलेलं विचारून टाकलं.

"रेणुका, त्याचं नाव काय होतं गं शेवटी?"

"कुणाचं?" ती म्हणाली.